आमच्या वेळी एवढे फोड नव्हते

दहावीचं वर्ष असो, मामाचं लग्न असो की कॉलेजचा पहिला दिवस, हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. सोळा वर्षांची मुलगी आरशासमोर उभी असते. कपाळावर चार, हनुवटीवर तीन. मागून आई म्हणते, "आमच्या वेळी नव्हते गं एवढे." मग कारणं बाहेर पडतात: पिझ्झा, जागरण, मोबाइल, पाणी कमी पिणं, अंगातली उष्णता. आजी असली तर ती विषयच मिटवते, "लग्न झालं की जातात."

विधान साधं असलं तरी तपासायला अवघड आहे. सोळाव्या वर्षीचा आईचा चेहरा आज कुणासमोर नाही. आहे तो तिची आठवण आणि अल्बममधला फोटो, आणि दोन्ही साक्षीदार बेभरवशाचे.

१९९० च्या आसपास घरात कॅमेरा असलाच, तर त्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा. गणपती, सहल, धाकट्याचा वाढदिवस असा तो पुरवून वापरायचा. नाकाच्या शेंड्यावर फोड आलेल्या दिवशी फोटो काढायचं काही कारणच नसे. काढलाच, तर फ्लॅशचा पांढरा झोत थेट तोंडावर आणि प्रिंट पोस्टकार्डाएवढी. स्टुडिओतला फोटो असेल तर विचारूच नका. कृष्णधवल निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं डाग बुजवणं हा फोटोग्राफरच्या कामाचाच भाग होता. रंगीत फिल्मची तऱ्हा आणखी वेगळी. रंग जुळवण्यासाठी कोडॅक फोटो छापणाऱ्या लॅबना नमुन्याचं एक कार्ड देत असे आणि त्यावर गोऱ्या बाईचं चित्र असे. 'शर्ली कार्ड' म्हणून ते ओळखलं जातं. कित्येक दशकं प्रिंटचे रंग त्या गोऱ्या कातडीशी जुळवले गेले आणि सावळ्या चेहऱ्यांवरचे बारकावे त्यात हरवले. आईच्या अल्बमात मुरुम दिसत नाहीत ते काही प्रमाणात यामुळेही. आजची मुलगी मात्र स्वतःचा चेहरा दिवसातून कितीदा तरी, हातभर अंतरावरून, एकेक रोमरंध्र दिसेल इतका मोठा करून बघते. शिवाय शेजारच्या फोटोत फिल्टरनं गुळगुळीत केलेली मैत्रीण असते. असली तुलना आईच्या वाट्याला कधी आली नव्हती.

फोटो बाजूला ठेवून आकडे पाहिले तरी सुरुवातीला गोंधळच होतो. त्वचारोगांच्या ग्रंथांत हमखास सापडणारा आकडा असा: १२ ते २४ या वयात सुमारे ८५ टक्के जणांना कमी-अधिक मुरुम होतात. जगभरच्या आजारांचा भार मोजणाऱ्या मोठ्या प्रकल्पाचं उत्तर मात्र दहा टक्क्यांच्या आत येतं. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. कधीतरी चार पुटकुळ्या आल्या होत्या का, असं विचारलं तर जवळपास सगळेच हात वर करतात. आज या क्षणी कुणाला मुरुमांचा आजार आहे, असं विचारलं तर थोडेच. त्यात दुसऱ्या हिशेबात दहा वर्षांची पोरंही धरलेली असतात.

त्या दुसऱ्या हिशेबाचा फायदा असा की तो १९९० पासून २०२१ पर्यंत एकाच पद्धतीनं केलेला आहे. म्हणजे जवळजवळ आई ते मुलगी. १० ते २४ वयोगटात १९९० मध्ये दर लाखामागे साधारण ८,५०० जणांना मुरुमांचा त्रास होता, २०२१ मध्ये तो ९,८०० च्या जवळ गेला. तेव्हा आई अगदीच चुकीचं बोलत नाही; आकडा वाढलाय. पण ही वाढ शंभर पोरांमागे एखाद्या पोराची आहे. शिवाय ज्या देशांत कुणी घरोघर जाऊन चेहरे मोजलेले नाहीत तिथं हे आकडे गणिती अंदाजानं भरले जातात. "नव्हतेच" आणि "थोडे कमी होते" यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर आईच्या आठवणीनं भरून काढलेलं आहे.

बरं, आईला नव्हते म्हणून मुलीला होऊ नयेत, हेही गणित अपुरं. मुलगी निम्मी बाबांची असते. मुरुमांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा किती, हे बघण्यासाठी ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींचा मोठा अभ्यास झाला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हुबेहूब जुळ्या आणि साध्या जुळ्या अशा दीड हजारांवर जोड्या होत्या. निष्कर्ष असा निघाला की एकीला मुरुम आणि दुसरीला नाहीत, या फरकापैकी ८१ टक्के फरक आनुवंशिक घटकांमुळे आहे. हा आकडा ऐकला की बरेच पालक सुस्कारा सोडतात: मग खाण्यापिण्याचा संबंधच नाही तर!

इथंच घोटाळा होतो. ८१ टक्के हा आकडा एकाच काळात, साधारण सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या माणसांमधल्या फरकाबद्दल बोलतो. एका पिढीच्या आणि दुसऱ्या पिढीच्या फरकाबद्दल तो काहीच सांगत नाही. उंचीचं उदाहरण घ्या. वर्गातली कोणती मुलगी उंच आणि कोणती बुटकी हे बहुतांशी आईबापांवरून ठरतं. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची एका शतकात वीस सेंटिमीटरनं वाढली. त्यांची जनुकं तीच होती, बदललं ते ताट आणि आजारपणं. कातडीचंही असंच असू शकतं. घरात कुणाला मुरुम येतील हे रक्तातून ठरत असेल, पण अख्ख्या पिढीच्या तोंडावर किती येतील हे ठरवणारं दुसरं काही असू शकतं.

ते दुसरं काही शोधायचं तर फोड येतो कसा, ते आधी बघायला हवं. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. सातव्या-आठव्या वर्षापासून मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी काही संप्रेरकं सोडू लागतात आणि तेल वाढायला लागतं. वयात येताना पुरुषी संप्रेरकं (ती मुलींच्या शरीरातही असतात) हा नळ पुरता सोडतात. त्याच वेळी केसाच्या नळीतल्या पेशी चिकटून बूच बसतं. मागं साठलेल्या तेलावर 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हा आपल्या कातडीवरचा कायमचा रहिवासी जिवाणू पोसला जातो आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्या जागी लाल, दुखरी सूज आणते. चेहरा न धुतल्यामुळे हे होत नाही. दिवसातून सहा वेळा साबण लावणाऱ्या मुलाला हे एकदा कुणीतरी सांगायला हवं.

मग हल्लीची मुलं लवकर वयात येतात म्हणून मुरुमही लवकर, हे बरोबर का? युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुलींना पाळी सोळा-सतराव्या वर्षी येत असे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तेराव्यावर आली. ही फार मोठी उडी होती. भारतात मात्र अलीकडच्या पिढ्यांत घट अगदी मंद आहे. देशव्यापी पाहणीच्या आकड्यांनुसार १९५५ ते १९६४ मध्ये जन्मलेल्या बायकांमध्ये पहिल्या पाळीचं सरासरी वय १३.८ वर्षं होतं, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांमध्ये १३.६. दहा वर्षांमागे सुमारे एक महिना. आपल्याकडच्या आई आणि मुलीतला फरक एवढ्यानं समजावता येत नाही. शहरातल्या सुखवस्तू घरांत तो जास्त असेल, पण "हल्ली सगळं लवकर होतं" हे देशभराचं सत्य म्हणून सांगू नये.

राहतं खाणं. याचा इतिहास मजेदार आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतले प्रख्यात त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॉकलेटवर प्रयोग केला. ६५ जणांना, त्यांत काही कैदीही होते, एक महिना रोज चॉकलेटचा बार दिला आणि एक महिना तसाच दिसणारा, पण कोको नसलेला बार. मुरुमांत फरक पडला नाही. निष्कर्ष निघाला की चॉकलेटचा संबंध नाही, आणि पुढं त्याचा अर्थ डॉक्टरांनी "खाण्याचाच संबंध नाही" असा ताणला. कोको नसलेल्या त्या बारमध्ये साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेनं या प्रयोगाला मदत केली होती, हेही. तीसेक वर्षं वैद्यकीय पुस्तकं या एका प्रयोगावर विसंबून राहिली. आईनं तेव्हा डॉक्टरांना "तळलेलं बंद करू का?" असं विचारलं असेल, तर "काही गरज नाही" असंच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी.

हे चित्र हलवलं ते २००२ मध्ये. पापुआ न्यू गिनीजवळच्या कितावा बेटावर संशोधकांनी बाराशे माणसं तपासली. त्यांपैकी तीनशे जण १५ ते २५ वयाचे होते. मुरुम एकालाही नव्हते. खाणं कोनफळासारखे कंद, रताळी, अळकुड्या, फळं, नारळ आणि मासे. पॅराग्वेच्या जंगलातल्या आचे लोकांतही तसंच आढळलं. त्यांची जनुकंच वेगळी असतील, हा आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. पण त्यांच्याशी मिळत्याजुळत्या वंशाची आणि आधुनिक राहणी स्वीकारलेली माणसं मुरुमांपासून सुटलेली नाहीत, हेही संशोधकांनी दाखवलं. मग २००७ मध्ये मेलबर्नमध्ये १५ ते २५ वयाच्या ४३ मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. निम्म्यांना रक्तातली साखर झटकन न चढवणारा आहार दिला. त्यांचे मुरुम दुसऱ्या गटाच्या जवळपास दुप्पट कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं, त्यामुळे श्रेय आहाराचं किती आणि वजनाचं किती, हा प्रश्न उरतोच. तरी कारणाची साखळी पटण्यासारखी आहे: साखर चढली की इन्सुलिन चढतं, त्याबरोबर वाढीचे संदेश देणारं आणखी एक संप्रेरक जोर धरतं आणि तैलग्रंथींना चेव येतो.

म्हणून पिझ्झ्याला फाशी द्यावी का? आईच्या लहानपणचं ताट काही कितावाचं नव्हतं. पांढरा भात, बटाट्याची भाजी, ग्लुकोजची बिस्किटं चहात बुडवून. उपवासाची साबुदाण्याची खिचडी या हिशेबात फारशी सोवळी ठरत नाही. बदल झाला असेल तर तो प्रमाणात: गोड पेयं, दोन जेवणांमधलं सततचं तोंड चालणं आणि बैठं आयुष्य. एक गोष्ट मात्र खरोखर नवी आहे. जिमला जाणाऱ्या पोरांच्या डब्यातली व्हे प्रोटीनची भुकटी. दूध आणि मुरुम यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे, आणि व्हे म्हणजे दुधातलाच प्रथिनांचा भाग दाट करून घेतलेला. ती सुरू केल्यावर छाती-पाठीवर फोड उठल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या आहेत. बाबांच्या तालमीत दूध-बदाम होतं, पण त्याला पोटाची मर्यादा होती. भुकटीला ती नाही.

बाबांच्या काळाची स्वतःची कारणंही होती, ती आठवणीतून गळतात. डोक्यावर रोज थापलेलं तेल हे त्यातलं एक. कपाळाच्या कडेला, केसांच्या रेषेलगत उठणाऱ्या बारीक पुटकुळ्यांचं वर्णन १९७० मध्येच झालं आहे. केसांना चोपडलेलं तेल-मलम खाली उतरतं आणि रंध्रं बुजवतं. खोबरेल तेल चापून वेणी घालणाऱ्या घरांतून हे मुरुम नसतील, असं मानायला काही आधार नाही. त्यांना तेव्हा "घामोळं" म्हणून सोडून दिलं जाई.

आणि तेव्हाच्या कातडीला मुरुमांपेक्षा मोठ्या काळज्या होत्या. आजीच्या पिढीत देवीचे व्रण असलेले चेहरे गावोगाव दिसत. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, म्हणजे ज्या आईबाबांबद्दल आपण बोलतोय त्यांच्या जन्माच्या आसपासचा. चेहऱ्यावर खड्डे नसलेली पहिली पिढी ती. तिच्या वाट्याला खरूज आली, पावसाळ्यात पायांवर पिकणारे फोड आले, उवा आल्या. गालावर फिकट पांढरे चट्टे उठले की शेजारीण ठामपणे सांगे, "पोटात जंत झालेत." त्या चट्ट्यांचा जंतांशी काही संबंध नाही, ती कोरडी, किंचित दाहलेली कातडी असते आणि मोठेपणी आपोआप जाते. पण त्या एका निदानावर किती पोरांनी जंताचं औषध घेतलं असेल! अशा चेहऱ्यावर दोन-चार तारुण्यपिटिका कुणाच्या लक्षात राहणार?

उन्हाचं खातंही उलटसुलट आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ मध्ये शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला अशी मोहीम सुरू झाली आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांत तरुणपणीचा मेलानोमा हा कातडीचा कर्करोग कमी झाला, आईबापांच्या पिढीत तो वाढत असतानाही. आपल्याकडे सावळ्या कातडीला त्या कर्करोगाचा धोका फार कमी. आपली मोहीम काळं पडू नये यासाठी. पुण्यात स्कूटीवरून जाणाऱ्या मुली डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात, ते धुळीसाठी जितकं तितकंच रंगासाठी. दिवसभर क्लासेसमध्ये बसणाऱ्या या पिढीचा रंग कदाचित आईच्या सोळाव्या वर्षापेक्षा उजळ असेल. मात्र २०१६ ते २०१८ च्या देशव्यापी पोषण पाहणीत किशोरवयीनांपैकी जवळपास एक चतुर्थांश मुलांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सापडली.

आता ज्या बाबतीत मला खरोखर मोठा फरक दिसतो तिथं येतो. कातडीत नव्हे, कातडीवर लावल्या जाणाऱ्या गोष्टींत.

आईच्या वेळी डाळीचं पीठ, हळद, साय, दिवाळीला उटणं. बाजारातलं काही असेल तर 'विको टर्मरिक' किंवा १९७५ मध्ये आलेलं 'फेअर अँड लव्हली' (२०२० मध्ये त्याचं नाव बदललं, आतला मजकूर लोकांच्या मनात तोच राहिला). आजच्या मुलीच्या टेबलावर सिरम असतं, ॲसिड असतं, रेटिनॉल असतं. अमेरिकेत ७ ते १८ वयाच्या मुलींनी टाकलेल्या शंभर व्हिडिओंचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेक मुलगी सरासरी सहा वस्तू चेहऱ्याला लावत होती आणि महिन्याचा खर्च सरासरी १६८ डॉलर येत होता. सकाळच्या दिनक्रमांपैकी फक्त चौथ्या हिश्श्यात सनस्क्रीन होतं. सुरकुत्यांवरची क्रीमं दहा वर्षांच्या गालावर, आणि डॉक्टर जे एक नक्की लावायला सांगतील तेच नाही. हे व्हिडिओ ज्या ॲपवरचे ते आपल्याकडे २०२० पासून बंद आहे. पण दिनक्रम दुसऱ्या दारानं आलाच.

नव्या काळाची जमेची बाजूही मोठी आहे. तीव्र मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झालं. आईच्या तरुणपणी आपल्या तालुक्याच्या गावी ते सहज मिळण्यासारखं नव्हतं. आज त्वचारोगतज्ज्ञ ते देखरेखीखाली देतात आणि गालाला कायमचे खड्डे पडणं टाळता येतं. गरोदरपणात हे औषध गर्भाला गंभीर व्यंग आणतं, म्हणून देखरेख हा शब्द इथं पोकळ नाही.

पण तज्ज्ञाकडे जाण्याआधी वाटेत औषधाचं दुकान लागतं. "डागांवर काहीतरी द्या" म्हटलं की काउंटरवरून एक ट्यूब सरकते आणि तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, डाग फिकटतात, मैत्रिणी नाव विचारतात. मग कातडी पातळ होते, लाल पडते, केस उगवतात, ट्यूब थांबवली की आग होते, आणि मुरुम पूर्वीपेक्षा जास्त येतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या बारा केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण अशी क्रीमं वापरत होते. त्यांच्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्यानं ती मुरुमांवर लावली होती. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानं अजून चालू आहेत.

हीच ट्यूब नायट्यालाही लावली जाते. आईच्या वेळी जांघेत नायटा झाला तर पिवळट मलमाची डबी आणि दोन-तीन आठवडे, की बरा. २०१४ च्या आसपासपासून भारतातल्या डॉक्टरांपुढे येऊ लागला तो नायटा वेगळा आहे: अंगभर पसरणारा, महिनोन्महिने हटून बसणारा. यामागच्या बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' असं नाव मिळालं, आणि ते दिलं जपानमधल्या संशोधकांनी, तिथं राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिचे बरेच वाण दाद देत नाहीत. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी खाज दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं, म्हणून त्या मलमांकडे बोट दाखवलं जातं.

"मला तर पंधरा दिवसांत बरं वाटलं होतं," असं आई म्हणते, आणि ते खरंही असतं. तिचा नायटा निराळा होता. मुलाला घेऊन ती दवाखान्यात जाते तेव्हा डॉक्टर मुलाला तपासून झाल्यावर टॉवेल एकच वापरता का, कपडे एकत्र भिजवता का, घरात आणखी कुणाला खाज आहे का, असं विचारतात. मग ती जरा थांबून सांगते की बाबांच्या कमरेला आहे, आणि गेल्या महिन्यापासून तिच्याही.